निर्लेप कर्ता आणि रेझिनचे मणी

कर्म करूनही कर्माच्या लेपापासून मुक्त राहणारा कर्ता संभवतो की नाही, हा आपल्या तत्त्वचिंतनातील फार जुना वाद आहे. आणि अर्वाचीन काळी त्या वादात कर्मपक्षाची वकिली ज्यांनी सर्वांत हिरिरीने केली ते टिळक १८५६ साली रत्नागिरीतच जन्मले असल्यामुळे, या गावी तो विषय काढण्यास कोणाची परवानगी लागू नये. मात्र मी साक्षीस बोलावणार आहे तो कोणी शास्त्री नव्हे, तर प्रयोगशाळेतील एक मुका पदार्थ: पॉलिमरच्या मण्याला जखडलेला उत्प्रेरक.

जो अभिक्रियेचा वेग वाढवितो, पण अंती स्वतः जसाच्या तसा उरतो, तो उत्प्रेरक. १८३५ साली स्वीडनच्या बर्झेलियसने या शक्तीचे नामकरण केले, तेव्हा त्याची समजूत अशी होती की, हा पदार्थ स्वतः कशातही न गुंतता केवळ आपल्या सान्निध्याने इतर द्रव्यांतील निद्रिस्त आकर्षणे जागी करतो. सांख्यांचा पुरुष तो हाच! तोही काही करीत नाही. लोहचुंबकाजवळ लोखंड हलावे तशी त्याच्या समीप प्रकृती प्रवृत्त होते. परंतु पुढे ज्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले त्या फ्रान्सच्या साबातिए यांनी असे प्रतिपादिले की, निकेलसारखा उत्प्रेरक दूर उभा राहून तमाशा पाहत नाही. तो द्रव्याशी क्षणभर खराखुरा संयोग पावतो, संयुग बनतो, आणि कार्य उरकल्यावर त्यातून सुटून पूर्वरूपास येतो. हाच विचार पुढे ग्राह्य ठरला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी संन्यासपक्षाशी घातलेला वाद माझ्या मते याच जातीचा आहे: अलिप्तता ही अंतरावर उभे राहण्यात नसून गुंतून पुन्हा मोकळे होण्यात आहे.

आता मण्यांकडे वळू. सल्फ्युरिक आम्ल हा जुना उत्प्रेरक. अल्कोहोल आणि सेंद्रिय आम्ल यांपासून सुवासिक एस्टर बनविताना तो उत्तम चालतो, पण काम संपले तरी निघून जात नाही. तो तयार मालात विरघळलेलाच राहतो, म्हणून त्याला सोड्याने मारावे लागते, आणि त्यातून उपजलेले खारट पाणी कारखान्याच्या गटारात जाते. म्हणजे कर्ता स्वतः बदलला नाही हे खरे, परंतु त्याला निरोप देण्याचा खर्च मात्र तिसऱ्याच्याच माथी बसला. यावर उपाय असा निघाला की, तेच आम्लधर्मी सल्फोनिक गट पॉलिस्टायरीन या रेझिनच्या जाळीदार मण्यांवर रासायनिक बंधाने पक्के बसवावयाचे. हे मणी दिसावयास भिजविलेल्या साबुदाण्यासारखे, पण त्याहून बारीक आणि रंगाने पिंगट असतात. योग्य द्रावकात ते फुगतात, अभिकारक आत झिरपतात, आतल्या आत संयोग-वियोग घडतो, आणि शेवटी गाळणीवर मणी राहतात व माल खाली उतरतो.

येथे आपल्या परंपरागत कल्पनेला एक विलक्षण कलाटणी मिळते. कर्म जीवाला बांधते आणि बंध सुटला म्हणजे लेप सुटतो, असे आपण ऐकत आलो. मण्यावर मात्र जो बांधला गेला तोच निर्लेप ठरतो आणि जो मोकळा होता तोच सर्वत्र माखून राहतो. न्यू यॉर्कच्या मेरीफील्ड यांनी १९६३ साली याच युक्तीची उलट बाजू दाखविली. त्यांनी घडविणारा न बांधता घडणारा पदार्थच मण्याला बांधला, प्रत्येक पायरीनंतर नको ते धुऊन टाकले, आणि अखेरीस तयार साखळी मण्यापासून तोडली. त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले. कर्ता बांधावा की कार्य, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी या रूपात मांडल्याचे मला आढळलेले नाही. मांडला असता तर, माझी खात्री आहे, टीकाग्रंथांची रास पडली असती.

परंतु बंधाचा हा दावाही विनाचौकशी मान्य करण्याजोगा नाही. पॅलेडियम धातू पॉलिमरवर बसवून कार्बनास कार्बन जोडण्याच्या ज्या अभिक्रिया करतात, त्यांत धातू खरोखर जागेवर राहतो काय, हे पाहण्याची एक कठोर कसोटी आहे. अभिक्रिया अर्ध्यावर असताना मिश्रण गरम असतानाच गाळावयाचे, आणि मण्यांविना खाली उतरलेल्या द्रवात अभिक्रिया पुढे चालू राहते का ते पाहावयाचे. ते थंड होऊ देऊन गाळले तर परीक्षा फसते. कारण उष्णतेत सुटलेला धातू थंडीत गुपचूप मण्यावर परततो आणि आपण जागचे हललोच नाही असा आव आणतो. कित्येक प्रकरणी असे उघडकीस आले आहे की, काम बाहेर पडलेल्या धातूनेच केले होते आणि श्रेय मण्याच्या नावे जमा झाले होते. स्थितप्रज्ञतेचा दावा करणाऱ्या सत्पुरुषांचीही परीक्षा आपण बहुधा थंड झाल्यावरच घेतो.

आमच्या जिल्ह्यात कर्त्याच्या लेपाचा हा प्रश्न केवळ पोथीतला राहिलेला नाही. खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत औषधे, कीटकनाशके, रंगद्रव्ये यांचे कारखाने आहेत. आणि सांडपाण्याने मासळी मरते ही दाभोळ खाडीच्या मच्छीमारांची फिर्याद इतकी जुनी आहे की, तिच्या अर्जविनंत्यांनी दफ्तरे भरली असतील. योगायोग असा की, वसाहतीला ज्याचे नाव लाभले तो भार्गव परशुराम आपल्या पुराणांतील सर्वांत सलेप कर्ता होय. एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केल्यावर त्याने ती कश्यपाला दान दिली. मग दान दिलेल्या भूमीवर राहता येईना, म्हणून समुद्र हटवून हे कोकण मागून घ्यावे लागले. कर्म उरकले, पण बाकी उरली, आणि ती फेडावयास नवी जमीन लागली. खाडीकाठच्या माणसाला समुद्र हटविण्याची सोय नाही. तेव्हा कर्त्याचा उद्देश शुद्ध होता की नव्हता यापेक्षा गटारातून काय बाहेर पडले हे त्याने अगोदर विचारावे, यात मला अणुमात्र अधर्म दिसत नाही.

दृष्टांताची मर्यादाही सांगितली पाहिजे. मण्याला फलाशा नाही. तेव्हा ती सोडल्याचे पुण्यही त्याच्या खाती मांडता येत नाही. शिवाय तो अक्षय नाही: साधारण १२० अंश सेल्सिअसच्या वर त्याचे सल्फोनिक गट गळू लागतात, आणि पाण्यातील कॅल्शियम वा लोह त्याच्या आम्लाची जागा बळकावून बसतात. विरल आम्लाने धुतले तर दुसरा दोष जातो, पहिला जात नाही. विषारी धातू धरून बसलेले वापरून संपलेले रेझिन कोठे जाते, याचे उत्तर घातक कचऱ्याच्या सरकारी अनुसूचीत आहे. तेथे त्याची स्वतंत्र नोंद केलेली आढळते.