फटक्यानंतर काय झालं?

लोणावळ्याजवळच्या औंढ्यात भातकापणी आली की घराघरात विळ्या-कोयत्यांना धार लावली जाते. बांधावरची झुडपं काढायची, कुंपणाला काटे तोडायचे, तर कोयत्यावाचून भागत नाही. पुण्यात मात्र याच औजाराच्या नावानं पोरांच्या टोळ्या ओळखल्या जाऊ लागल्या. २०२३ च्या सुरुवातीला पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं, कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघा. शेतकऱ्यानं विळा-कोयता घ्यायला ओळखपत्र दाखवायचं! असो.

या टोळ्यांतली पोरं हिंसा पाहतात म्हणून बिघडतात, हे आपण पटकन म्हणून मोकळे होतो. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाला १९६० च्या दशकात दिसलं ते जरा अवघड आहे. मोठ्या माणसानं एका फुगीर बाहुल्याला बदडल्याची फिल्म त्यानं लहान मुलांना दाखवली. काहींच्या फिल्ममध्ये मारणाऱ्याला शाबासकी मिळाली, काहींच्या फिल्ममध्ये ओरडा बसला. ओरडा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. मग प्रत्येकाला सांगितलं, जे पाहिलं ते करून दाखव, बक्षीस मिळेल. तेव्हा हा फरक उरलाच नाही. मारायचं कसं, हे ओरडा पाहिलेली मुलंही शिकून बसली होती. फक्त गप्प होती.

ती बालवाडीतली पोरं होती, आपली सोळा-सतराची. पण बक्षिसाचं गणित या वयात उलट जास्तच चालतं. घरात बाप आईवर हात उगारतो आणि शेजारी दार लावून घेतात, हे पोरगं बघतं. कोयत्यानं केक कापल्याच्या रीलला लाइक पडतात. तडीपारी भोगून आलेल्या ‘भाई’च्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागतो आणि खाली शुभेच्छुक म्हणून गावातल्या जाणत्यांचे फोटो असतात. मोबाईलला शिव्या देणारे आपण त्या फ्लेक्सखालून रोज जातो.

रील फटक्यापाशी थांबते. पुढचं त्यात नसतं: ससून रुग्णालयाचा वॉर्ड, वकिलाची फी, लोणावळा लोकलनं शिवाजीनगर गाठून येरवड्याच्या निरीक्षणगृहाकडे निघालेली आई. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं सोळा वर्षांवरच्या मुलावर घृणास्पद गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालू शकतो, हेही बहुतेकांना पकडल्यावरच कळतं. त्याआधी बाल न्याय मंडळानं मुलाची समज आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, हे तपासायचं असतं.

त्या परिस्थितीत चौकातला फ्लेक्सही येतो. तो उतरवायला ग्रामपंचायतीनं पोलिसांची वाट पाहायचं कारण नाही.