शरणागत आणि तराजू

काशीतील दुर्गाघाटाच्या पायऱ्या उतरताना महाराष्ट्रीय मनुष्यास परकेपणा वाटत नाही. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकर यांनी हा घाट बांधविला. जवळच नाना फडणविसांचा वाडा आहे आणि आसपासच्या गल्ल्यांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. कोणी विद्येसाठी आले, कोणी काशीवासासाठी. तर १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर चिमाजी आप्पांसारखे, ज्यांचे पूर्वीचे स्थान सुटले असेही येथे आले. अर्थात्‌ आश्रय म्हणजे काय, हे आम्हां काशीकर मराठ्यांस ग्रंथावरूनच शिकावे लागते असे नाही.

याच घाटावर नित्य स्नानास येणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी मला एकदा विचारले, "शास्त्रीबुवा, आपल्याच मुलाबाळांस पुरत नसता परदेशांतून पळून आलेल्यांस थारा देणे हा धर्म, की धर्माचा अतिरेक?" प्रश्नात द्वेष नव्हता, भीती होती. म्हणून तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

योगायोग असा की, त्या दिवसांत मी महाभारतातील कपोताख्यान मराठीत आणीत होतो आणि 'शरणागत' या शब्दापाशी अडलो होतो. अशा मनुष्यास मराठीत आपण 'निर्वासित' म्हणतो, हिंदीत 'शरणार्थी' म्हणतात. पहिला शब्द त्याच्या मागचे उद्ध्वस्त घर दाखवितो. दुसरा त्याच्या पुढचे दार. घर पाहून दया येते. परंतु दारास उत्तर द्यावे लागते, कारण ते दार आपले असते.

वनपर्वात हे आख्यान एके ठिकाणी उशीनर राजाच्या नावे आले आहे, दुसरीकडे त्याचा पुत्र शिबी याच्या नावे. ससाण्यास भ्यालेले कबुतर राजाच्या आश्रयास येते, एवढे सर्वांस ठाऊक असते. परंतु ससाण्याचे म्हणणे आपण विसरतो. तो म्हणतो, माझे भक्ष्य तू राखलेस तर मी मरेन, माझी बायकापोरे मरतील. एकाचे रक्षण करून अनेकांचा नाश करणारा हा कसला धर्म? आमच्या वृद्ध गृहस्थांचा प्रश्न तो हाच!

राजा हा प्रश्न झिडकारीत नाही. ससाण्याची भूक तो खरी मानतो आणि दुसरे अन्न देऊ करतो. एका गोष्टीचा मात्र तो विचारही करीत नाही : कबुतर परत देण्याचा. शेवटी तो तराजू मागवितो आणि स्वतःचे मांस कापून पारड्यात घालतो. प्रजेचे नव्हे, सेवकाचे नव्हे, स्वतःचे. कबुतर जड होत जाते, तेव्हा तो स्वतःच पारड्यात बसतो. तात्पर्य, शरण देणे ही केवळ करुणा नव्हे; तिचे मोल आपल्या अंगातून देण्याची सिद्धता म्हणजे धर्म.

येथे दुसरी शंका उत्पन्न होते. आलेला मनुष्य कपटी असला तर? बिभीषण आला तेव्हा सुग्रीवानेही हीच शंका घेतली. श्रीरामांनी सर्वांची मते ऐकून घेतली, हनुमंताचा विचार ऐकला आणि मग अभय दिले. चौकशी करणे निषिद्ध नाही. चौकशीच्या निमित्ताने दार बंद ठेवणे निषिद्ध आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराचे तेहतिसावे कलमही असेच सांगते की, जेथे मनुष्याच्या जिवास वा स्वातंत्र्यास धोका आहे तेथे त्यास परत ढकलू नये. राष्ट्राच्या सुरक्षिततेस खरोखर धोका असल्यास अपवादही त्याने ठेवला आहे. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. तथापि चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जीविताचे संरक्षण केवळ नागरिकांस नव्हे, येथील प्रत्येक मनुष्यास आहे.

आणि आपण हे केलेलेही आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने सैबेरियात व कझाकस्तानात हद्दपार केलेले पोलिश लोक इराणमार्गे बाहेर पडले. त्यांपैकी सुमारे पाच हजार, बहुतांशी स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहिले. भाषा निराळी, धर्म निराळा, अन्न निराळे. त्यांच्या शाळा, त्यांचे प्रार्थनामंदिर तेथे उभे राहिले. पुढे फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे त्याच जागी वसली. आज तेथे गांधीनगरची मोठी कापडपेठ आहे. कोल्हापूर दरिद्री झाले काय? उलट, पोलंडच्या राजधानीत कोल्हापूरच्या कृतज्ञतेचे स्मारक उभे आहे.

१९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी लोक भारतात आले. तेव्हा पत्रावर पाच पैशांचे निर्वासित साहाय्याचे जादा तिकीट लावावे लागे. घरोघरच्या गृहस्थाने पारड्यात टाकलेले ते मांसच होते. आजही जगातील बहुसंख्य निर्वासित धनाढ्य देशांत नव्हे, तर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतच आसरा घेऊन आहेत. तराजू बहुधा गरिबाच्याच अंगणात मांडलेला असतो आणि समर्थ राष्ट्रे दुरून उपदेश करतात. आंतरराष्ट्रीय धोरणाचा खरा दोष हा आहे. भार वाटून घेणे हा तेथे उपकार नसून ऋण आहे.

गीतेचा उपदेश अर्जुन शरण आल्यावरच सुरू होतो आणि शरणागतास अभय देऊनच तो पूर्णतेस येतो. सहाव्या अध्यायात, दुसऱ्याचे सुखदुःख आपल्यावरून जोखणारा योगी श्रेष्ठ मानला आहे. जो नित्य भगवंतापाशी शरण मागतो, त्याने स्वतःच्या दाराशी कोणी शरण मागितल्यास कोणत्या तोंडाने नाही म्हणावे?

त्या वृद्ध गृहस्थांस मी एवढेच म्हटले : "काका, किती द्यावे, हे तराजू ठरवील. परंतु ससाण्याच्या हाती परत द्यावे की नाही, हा प्रश्न तराजूत घालण्याचा नव्हे." ते काही बोलले नाहीत. ओंजळीतले अर्घ्य सोडून, थोड्या वेळाने म्हणाले, "आमचे पणजोबाही येथे एका वस्त्रानिशीच आले होते."