माळकऱ्याचे पान व माळकऱ्याची वाणी



तुळशीची माळ गळ्यात पडली की पंढरीची वारी, एकादशीचे व्रत आणि मद्यमांसाचा त्याग हे नेम ओघानेच येतात. पहिल्या दोहोंचे गावाला कौतुक असते. वारीला निघालेल्याच्या लोक पाया पडतात, एकादशीला शेजारीण मूठभर शेंगदाणे आणून देते. तिसऱ्याशी मात्र घरीदारी खटका उडतो; कारण उपास एकट्याचा असतो, जेवण चारचौघांतले असते.

आपल्या जालना जिल्ह्याचेच पाहा. मुक्ताबाईंची पालखी जालन्यावरून पंढरीस जाते, तेव्हा वाटेवरची गावे दिंडीला भाकरी देतात. त्याच मुलखात धुळवडीस, आखाडात, नवसाच्या कंदुरीस मटण शिजते. भावकीच्या पंगतीतून उठणे म्हणजे वैर धरणे, अशी समजूत. मग सुरू होते, "एका घासाने का माळ तुटते, बुवा?" सोयरे म्हणतात, "जावई माळकरी, पाहुणचार कसला करावा?" एखादा बिचारा त्या दिवसापुरती माळ खुंटीला अडकवतो. आम्ही त्याला हसत नाही. देव आणि भावकी यांच्या ओढाताणीत सापडलेला तो जीव आहे.

सर्वांत कठीण स्थिती सुनेची. माहेरी माळ घातलेली लेक मटण खाणाऱ्या घरी नांदायला येते. सर्वांसाठी रांधायचे, भांडी घासायची आणि आपण ठेचा-भाकरीवर राहायचे. वर बोलणे ऐकायचे ते निराळेच, "आमच्या घरचे तुला विटाळते काय?" याच्या उलटही घडते. घरधनी उतारवयात माळ घालतो आणि बायकापोरांवर डोळे वटारून एका दिवसात चूल बदलवतो. अहो, माळ तुम्ही घातली. गळा त्यांचा का आवळता?

गीतेच्या सतराव्या अध्यायात 8 ते 10 या श्लोकांत भगवंतांनी आहाराचे तीन प्रकार सांगितले. सात्त्विक अन्न आयुष्य, बल, प्रीती वाढवणारे. शिळे, दुर्गंधीचे, उष्टे ते तामस. एवढे आम्हांस पाठ असते. पण त्याच अध्यायात पुढे पंधराव्या श्लोकात वाणीचे तप आहे, म्हणजे दुसऱ्याच्या मनास उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय व हिताचे बोलणे. पान सात्त्विक आणि जीभ तिखट, तर अध्याय अर्धाच वाचला म्हणावयाचा!

आणखी एक सांगणे आहे. माळ ही जातीची पायरी नव्हे. "आम्ही खात नाही, म्हणून अमक्याच्या हातचे पाणी नको," असे म्हणणाऱ्याने तुकोबारायांकडे पाहावे. देवाने ज्यांच्या घरी राबून काम केले, त्यांच्या मालिकेत तुकोबांनी सजन कसायाचे नाव घेतले आहे. आपल्या शेजारच्या देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणाराजा हे चोखोबांचे जन्मस्थान मानतात. गावकुसाबाहेर ठेवलेल्या त्या संताची समाधी आज पांडुरंगाच्या महाद्वारी आहे. देवाने ज्यांना जवळ केले, त्यांना दूर लोटणारे आपण कोण?

तेव्हा माळकऱ्याने भावकीच्या कार्याला अवश्य जावे. मांडव घालू लागावा, पाणी वाहावे, पंगतीच्या कडेला बसून वरण-भाकरी खावी. नाक मुरडू नये. कोणी आग्रह केला तर हात जोडून एकदाच सांगावे, "नेम आहे, बाबा." वाद घालू नये, पण ढळूही नये. भावकीनेही चुलीवर मटण चढण्याआधी वरणाचे एक भांडे वेगळे उतरून ठेवावे. त्याने नवस बाटत नाही. आणि सासूबाईंनी माळकरी सुनेला त्या दिवशी चुलीपासून मोकळीक द्यावी. त्यात घराची अब्रू जात नाही, वाढते.

जीवाला न दुखवण्याचा नेम घेतला, तर समोर बसलेला माणूसही जीवच आहे, हे विसरू नये.

रामकृष्ण हरि.