मरणोन्मुखाचें ऋण

"आतां करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, यांना घरीं घेऊन जा." हें वाक्य आपल्यापैकीं पुष्कळांनीं केव्हां ना केव्हां ऐकलें असेल. मीं तें तीन वर्षांपूर्वीं एका मोठ्या रुग्णालयाच्या व्हरांड्यांत माझ्या थोरल्या बंधूंविषयीं ऐकलें. बोलणारे डॉक्टर निर्दय नव्हते. त्यांना पुढच्या खाटेकडे जावयाचें होतें, इतकेंच. पण त्या वाक्यांत एक असत्य दडलेलें होतें, आणि तें पुढें ४७ दिवस आमच्या घरांत वावरत राहिलें. रोग बरा करण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें, हें खरें. परंतु माणसासाठीं करण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें काय? वेदना होती, तोंडाला कोरड होती, पाठीला जखमा पडूं लागल्या होत्या, झोंप नव्हती, आणि बोलावयाचें राहून गेलेलें तर पुष्कळच होतें. रोग आणि रोगी एकच मानण्याचा हा हेत्वाभास तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गांतील विद्यार्थ्यालाही दाखवितां यावा. तो विषय शिकविण्यांत माझीं तीस वर्षें गेलीं, तरी त्या दिवशीं मला तो दिसला नाहीं.

एके रात्रीं दादांनीं मला विचारलें, "किती दिवस राहिले?" मीं म्हटलें, "भलतेंच काय विचारतां? दिवाळीपर्यंत हिंडूंफिरूं लागाल." ते किंचित् हंसले आणि कुशीवर वळले. तो प्रश्न त्यांनीं पुन्हां विचारला नाहीं. त्यांना ठाऊक होतें, आम्हांला ठाऊक होतें, आणि उभय पक्ष एकमेकांपासून तें लपवीत होते.

या लपवालपवीला आपण प्रेम म्हणतों, आणि फारच अडचण झाली तर अप्रिय सत्याविषयींचें मनूचें वचन पुढें करतों. प्रत्येक रोग्याच्या कानांत त्याचा मृत्युलेख वाचून दाखवावा, असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. कित्येकांना तो ऐकावयाचाच नसतो, आणि न ऐकण्याचाही माणसाला अधिकार आहे. पण ज्यानें विचारलें त्याला उत्तर नाकारण्याचा अधिकार मला कोणीं दिला? माझें असत्य दादांना सोसवणार नाहीं म्हणून नव्हे, तर सत्य मला उच्चारवत नव्हतें म्हणून बोललें गेलें.

दहाव्या दिवशीं घाटावर पिंड ठेवले, आणि कावळा शिवेना. मग नेहमींचा प्रकार सुरू झाला. कोणी म्हणालें, "धाकटीचें शिक्षण आम्हीं पुरें करूं." कोणी म्हणालें, "घरावरचें कर्ज आम्हीं फेडूं." मींही दोन वचनें दिलीं. ऊन चढलें, आणि शेवटीं गुरुजींनीं दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवविला. या रूढीची थट्टा करणें सोपें आहे. पण तिच्या मुळाशीं असलेला प्रश्न खरा आहे. जाणाऱ्याच्या मनांत काय राहिलें आहे, हें जाणण्याची मागें राहणाऱ्यांवर जबाबदारी आहे, असेंच ती रूढि सांगते. मला खंत वाटते ती एवढीच, कीं ज्याला वाचा होती त्याला आम्हीं विचारलें नाहीं, आणि तो गेल्यावर पांखराला विचारीत बसलों.

हाच प्रश्न वेळेवर विचारणारी एक विद्या आतां जगांत रूढ झाली आहे. सिसिली साँडर्स या बाईंनीं १९६७ सालीं लंडनमध्यें सेंट ख्रिस्टोफर्स ही संस्था उघडली. त्या प्रथम परिचारिका होत्या आणि पुढें मुद्दाम डॉक्टर झाल्या. देहाची वेदना, मनाची भीति, घरच्यांची काळजी आणि 'हें माझ्याच वांट्याला कां' हा प्रश्न, हीं सारीं मिळून एकच वेदना होते, असें त्यांचें प्रतिपादन होतें. या शुश्रूषेला 'पॅलिएटिव्ह' म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशीं लॅटिनमधील झगा किंवा पांघरूण हा अर्थ आहे. पांघरुणानें थंडी नाहींशी होत नाहीं. पण पांघरूण घालणें म्हणजे कांहींच न करणें, असें कोणती आई म्हणेल? मुंबईस १९८६ सालीं शांति अवेदना सदन निघालें, आणि १९९३ मध्यें कालिकत येथें डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार व त्यांचे सहकारी यांनीं आरंभ केला. केरळांत पुढें हें काम रुग्णालयाच्या भिंतींबाहेर पडलें. परिचारिकेबरोबर शेजारचे लोक, शिक्षक, विद्यार्थी रोग्याच्या घरीं जाऊं लागले. जखम धुणें, कूस बदलणें शिकले. ज्या घरांतील मिळवता माणूसच अंथरुणाला खिळला तेथें तांदूळ आणि मुलांचीं पुस्तकें पोंचवूं लागले. २००८ सालीं त्या राज्यानें याविषयीं आपलें धोरणच जाहीर केलें.

वेदनेविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. परवान्यानें अफू पिकविणाऱ्या थोड्या देशांत आपला देश मोडतो. मंदसौर-नीमचकडे तिचीं शेतें आहेत. त्या अफूपासून होणारें मॉर्फीन मात्र १९८५ च्या कायद्याच्या जाचामुळें आपल्याच रोग्यांना मिळेनासें झालें, आणि ती अडचण कांहींशी दूर व्हावयास २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. घड्याळाच्या कांट्यावर, मोजून, जाणत्याच्या देखरेखीखालीं दिलें तर हें औषध सहसा व्यसन लावीत नाहीं, माणसाला माणसांत आणतें. सन्मानानें मरण्याच्या हक्कावर २०१८ च्या निकालानंतर आपल्याकडे बरेंच बोललें गेलें. वेदनेवांचून जगण्याच्या हक्काविषयीं त्याच्या चतुर्थांशानेंही बोललें गेलेलें मला आठवत नाहीं.

यावर आमच्या वर्गांतून एक आक्षेप हमखास येतो. आपल्याकडे कुटुंब आहे. घरच्या माणसाची सेवा परक्यांनीं करावी, ही पाश्चात्त्यांची गरज आहे, आपली नव्हे. मीही असेंच म्हणत असें. परंतु 'घर सेवा करतें' या वाक्यांतील कर्ता जरा तपासून पाहावा. आमच्या बाबतींत घर म्हणजे वहिनी. आम्ही भाऊ रविवारीं फळें घेऊन जात होतों आणि पायथ्याशीं बसून उठत होतों; रात्रीं दोन वाजतां औषध देण्यासाठीं उठणारी व्यक्ति एकच होती. कुटुंबाच्या नांवानें आपण ज्याचा अभिमान वाहतों तें बहुधा एका स्त्रीचें जागरण असतें. तिच्याजवळ येऊन जाणत्या माणसानें तासभर बसावें, यानें कुटुंबाचें नाक कसें कापलें जातें, हें मला आतां समजत नाहीं.

आणि ही गरज मृत्यूबरोबर संपत नाहीं. कडू घास आणणारा शेजारी, दहावा, तेरावा, मासिकें, वर्षश्राद्ध, ही योजना करणाऱ्यांना शोक वर्षभर चालतो हें ठाऊक होतें. आम्हीं विधि आंखडते घेतले, त्यांत मला वाईट वाटत नाहीं. पण विधींबरोबर येणारीं माणसेंही गेलीं. तेराव्याचें गोड जेवण झालें कीं मोटारी निघतात. खरा शोक त्यानंतर, रिकाम्या घरांत, येऊन बसतो. या सेवेंतील कार्यकर्ते मृत्यूनंतरही त्या घरीं जात राहतात, तें यासाठींच.

आमच्या गांवीं असें कोणी नव्हतें. चौथ्या महिन्यांत मी सहज म्हणून गेलों. बऱ्याच वेळानें वहिनी म्हणाल्या, "त्यांना एकदा ओसरीवर बसायचं होतं, पारिजातकाजवळ. तुम्ही म्हणालां, वारा लागेल." मला आठवलें. मीं तसें म्हटलें होतें. नंतर त्या म्हणाल्या, कीं दोनचा गजर अजून रोज होतो. मीं तो बंद करून देऊं का, असें विचारलें.

"राहूं द्या," त्या म्हणाल्या.