वही कुणाची, घाई कुणाला

अब्बास किआरोस्तामी यांच्या ‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम?’ (१९८७) या इराणी चित्रपटाची गोष्ट एका दमात सांगून होते. अहमदच्या दप्तरात चुकून वर्गमित्राची, महंमद रझाची, वही येते. पुन्हा वहीत गृहपाठ केला नाहीस तर शाळेतून काढून टाकीन, असा दम मास्तरांनी त्याच दिवशी महंमद रझाला भरलेला असतो. म्हणून अहमद कोकर गावातून टेकडीपलीकडच्या पोश्तेला धावत सुटतो. मित्राचं घर काही सापडत नाही.

लहानपणावरचे बहुतेक चित्रपट खरं तर मोठ्यांचे असतात. कुणीतरी मागे वळून उसासा टाकत असतं, नाहीतर संस्कार करत असतं. आपल्याकडे ‘श्यामची आई’नं (अत्र्यांच्या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं) पिढ्यानपिढ्या डोळे ओले केले, पण साने गुरुजींच्या पुस्तकात लहान श्याम आपल्याला भेटतो तो मोठ्या श्यामच्या आठवणींतून. प्रत्येक चूक नंतरच्या शहाणपणात धुऊन निघालेली. अहमदकडे असं ‘नंतर’ नाही. त्याच्याकडे फक्त आजची संध्याकाळ आहे आणि ती मावळत चालली आहे.

अंगणातला प्रसंग पाहा. आई कपडे धुते आहे. अहमद सांगतो, माझ्याकडे त्याची वही आलीय, द्यायला जायला हवं. आई म्हणते, आधी अभ्यास कर. तो पुन्हा सांगतो. आई बाळाकडे बघायला सांगते, मग पाव आणायला पिटाळते. तो दोन्ही वह्या शेजारी धरून दाखवतो, तरी तेच. ती दुष्ट नाही, कामात आहे. खेळायला पळायचं निमित्त शोधतोय, एवढाच तिचा अंदाज. आणि हा अंदाज चुकीचा आहे हे सिद्ध करायला लागणारा अधिकार मुलाकडे नाही. लहानपणाचा एकटेपणा तो हाच: घरभर माणसं असतात, पण आपली निकड कुणाच्या हिशेबातच नसते. आपण ज्याला निरागसता म्हणून गोंजारतो, त्याच्या आत ही अशी घुसमट असते.

आजोबा तर याचं तत्त्वज्ञानच सांगतात. खिशात सिगारेटी असूनही ते नातवाला सिगारेटी आणायला पाठवतात, कारण मुलाला शिस्त लागली पाहिजे. त्यांचे वडील त्यांना दर आठवड्याला एक पैसा देत आणि दर पंधरवड्याला मार; पैसा द्यायला ते कधी विसरत, मार द्यायला कधीच नाही. हे ते कौतुकानं सांगतात! १९७९च्या क्रांतीनंतरच्या, युद्धात अडकलेल्या देशात, कानून या सरकारी बालसंस्थेसाठी काढलेल्या चित्रपटात हे आलं आहे. आज्ञापालनाबद्दल याहून तिखट विधान उघडपणे करणं तिथं सोपं नसावं.

कारण अहमदचं चांगुलपण उभं आहे ते आज्ञाभंगावर. तो आईचं ऐकत नाही, आणि म्हणूनच मित्राशी इमान राखतो. रात्री तो महंमद रझाचाही गृहपाठ स्वतःच लिहून टाकतो. दुसऱ्या दिवशी मास्तर वही तपासून शाबासकी देतात. म्हणजे गोड शेवट चक्क लबाडीनं साधला आहे. इथं किआरोस्तामी अहमदला ना माफी मागायला लावतात, ना मास्तरांना पश्चात्ताप होऊ देतात. शिस्तीचा गाडा तसाच चालू राहतो. एका मुलानं त्याखालून दुसऱ्याला ओढून बाहेर काढलं, एवढंच.

किआरोस्तामी याच विषयाकडे पुन्हा वळले. १९८९च्या ‘होमवर्क’ या माहितीपटात ते गडद चष्मा लावून कॅमेऱ्याशेजारी बसतात आणि शाळकरी मुलांना गृहपाठाबद्दल विचारतात. शिक्षा म्हणजे काय, हे मुलं लगेच सांगतात: पट्टा, मार. प्रोत्साहन म्हणजे काय, असं विचारलं की बरीचशी अडखळतात. ‘फ्रेंड्स होम’ला कुणी हळुवार चित्रपट म्हटलं की मला ही मुलं आठवतात आणि तो हळुवार वगैरे आहे हे म्हणणं पटेनासं होतं.