सोबत नेणं म्हणजे काय?



आपल्या गोव्यातल्या कित्येक घरांत एकाकडे पोर्तुगालचा पासपोर्ट असतो, दुसऱ्याकडे भारताचा. लिस्बनमध्ये बस्तान बसतं न बसतं तोच जर्मनीत जास्त पगाराची नोकरी मिळते. मग आपण सहज म्हणतो, "सूनबाईलाही सोबत नेऊ."

कायदा इथे उदार आहे. युरोपीय नागरिक दुसऱ्या सदस्य देशात राहायला गेला, तर २००४ च्या नियमाप्रमाणे त्याच्या जोडीदारालाही तिथे काम करण्याचा हक्क मिळतो. वेगळं वर्क परमिट लागत नाही. निवासाचं कार्ड मात्र अर्जानंतर ६ महिन्यांपर्यंत येतं, आणि मालक आधी कार्ड मागतो.

आमची सून नर्स. तिकडे जर्मन भाषा हवी, पदवीला मान्यता हवी. आम्ही म्हणालो, "आधी त्याचं बसू दे, तुझं मग बघू." वर फोनवर थट्टाही केली, "तुझी काय बाई, घरबसल्या मजा!" ती गप्प राहिली. ते गप्प राहणं आम्हाला फार उशिरा कळलं.

सप्तपदीत पावलं दोघांची असतात. कायदा हक्क देतो. मान आपण द्यायचा असतो. म्हणून तिकीट काढण्याआधी, सून असो वा जावई, ज्याचं काम सुटणार त्याला पहिलं विचारावं, "तिकडे तू काय करणार?" उत्तर नसेल तर भाषेचा क्लास आधी, सामान मग.

ज्याला जास्त सोडावं लागतं, त्याचं आधी ऐकणं, हीसुद्धा सेवाच ना?