मायबाप प्रेक्षक

काही गोष्टी आपण इतक्या वेळा ऐकलेल्या असतात की त्यांच्याविषयी विचार करण्याचे आपल्याला सुचतच नाही. त्या ऐकायच्या, मान डोलवायची आणि पुढच्या पिढीला सांगायच्या, एवढेच आपले काम उरते. बालगंधर्वांची 'मानापमाना'ची गोष्ट ही त्यांपैकी एक. १२ मार्च १९११ हा खाडिलकरांच्या या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाचा दिवस. किर्लोस्कर नाटक मंडळीचे हे नवे नाटक, गोविंदराव टेंब्यांच्या नव्या चाली, भामिनीच्या भूमिकेत नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व. वय अवघे बावीस. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारली. खेळ पुढे ढकलावा असे सोबत्यांनी सुचविले, पण बालगंधर्वांनी ते मानले नाही. जमलेल्या प्रेक्षकांचा विरस होऊ नये म्हणून ते रंगले, नटले, उभे राहिले आणि गायले.

ही गोष्ट सांगताना आपला स्वर आपोआप हळवा होतो. 'केवढी ही कलेवरची निष्ठा!' असे आपण म्हणतो. मीही वर्गात मुलांना ती याच स्वरात सांगितलेली आहे. परंतु अलीकडे ती सांगताना एक प्रश्न मनात येतो आणि तो काही केल्या जात नाही. बालगंधर्वांनी त्या दिवशी जे केले ते योग्य की अयोग्य, हा तो प्रश्न नव्हे. तो निवाडा करणारे आपण कोण? माझा प्रश्न आपल्याविषयी आहे. आपल्याला ही गोष्ट इतकी का आवडते?

मी तत्त्वज्ञानाचा अभ्यासक नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. तेव्हा या प्रश्नाचा उलगडा मोठमोठ्या ग्रंथांच्या आधाराने करणे मला शक्य नाही. मास्तरकी आणि कादंबरीलेखन या दोन धंद्यांत माणसे जेवढी पाहिली, तेवढेच माझे भांडवल.

प्रथम बालगंधर्वांच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हणून टाकू. नाटक मंडळी हा त्या काळी एक मोठा खटला असे. नट, साथीदार, पडदे ओढणारे, आचारी, त्यांची बायकामुले, एवढ्यांची पोटे एका तिकीटखिडकीवर अवलंबून. नव्या नाटकाचा पहिला खेळ मोडणे म्हणजे नुसता विरस नव्हे, मंडळीचे खरेखुरे नुकसान. शिवाय नटाची कला ही मोठी विलक्षण वस्तू आहे. आमच्या अंबरनाथला, पूर्वेकडे वालधुनीच्या काठी, शके ९८२चे म्हणजे इ. स. १०६०चे शिवालय उभे आहे. त्याच्या भिंतींवरच्या नर्तकी साडेनऊशे वर्षे एका पायावर तोल सावरून आहेत. त्या घडविणाऱ्या पाथरवटाच्या घरी दुःख झाले असेल तेव्हा त्याने छिन्नी खाली ठेवली असेल आणि दिवस गेल्यावर पुन्हा उचलली असेल. दगड कोठे जाणार? नटाचे तसे नाही. त्याची मूर्ती रात्री नऊला घडू लागते आणि पडदा पडला की मोडते. माणसे येऊन बसलेली असतात ती त्याच क्षणासाठी.

हे सर्व मला मान्य आहे. तरीही माझ्या प्रश्नाचे उत्तर यातून मिळत नाही. कारण कर्तव्यासाठी दुःख गिळणारी माणसे जगात काही थोडी नाहीत. येथल्या आनंदनगरच्या कारखान्यांत, पहाटेच्या लोकलमध्ये, रुग्णालयाच्या रात्रपाळीला अशी माणसे रोज भेटतात. घरातले माणूस नेऊन ठेवून तिसऱ्या दिवशी यंत्रापाशी उभा राहिलेला कामगार मी पाहिला आहे. त्याची गोष्ट कोणी दिवाळीत सांगत नाही. त्याच्याविषयी आपण फार तर 'बिचारा' म्हणतो. तीच गोष्ट नटाने केली की ती 'निष्ठा' होते. हा फरक कोठून आला? मला वाटते, तो आपल्या सोयीतून आला. कामगाराच्या हजेरीने आपल्याला सुख होत नाही, नटाच्या हजेरीने होते. ज्या त्यागाचे फळ आपल्या पदरात पडते त्याला आपण थोर म्हणतो. त्यात अर्धी पूजा असते आणि अर्धी पावती.

या गोष्टीत आणखी एक जागा रिकामी आहे. त्या मुलीला एक आई होती. लक्ष्मीबाई त्या रात्री कोठे होत्या, त्यांच्यापाशी कोण बसले होते, नवरा खेळाला उभा राहिला हे त्यांना कसे वाटले, याचा उच्चार आपल्या सांगण्यात कधी येत नाही. दुःख दोघांचे आणि गोष्ट मात्र एकाची! रंगभूमीवर भामिनी, रुक्मिणी, सिंधू अशा स्त्रियांची मने उलगडून दाखविणाऱ्या पुरुषाची ही कथा. तिच्यात एका खऱ्या स्त्रीला शब्दही नसावा, याचे आपल्याला काहीच वाटत नाही.

आमच्या शाळेतला एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाच्या दिवशी सकाळी सातवीतल्या एका मुलीची आजी वारली. नाटकात तिचे मुख्य काम होते. आम्ही तिचे काम दुसरीला देण्याच्या खटपटीत होतो, तोच दुपारी ती एकटीच शाळेत आली. 'सर, मी काम करते,' म्हणाली. शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले. एक बाई म्हणाल्या, 'हिला म्हणतात खरी कलावंत.' दुसरे गुरुजी म्हणाले, 'आजीचे सुतक आणि तोंडाला रंग? लोक काय म्हणतील?' मी तिला व्हरांड्यात नेऊन विचारले, 'का गं, तुला का करावेसे वाटते?' ती म्हणाली, 'सर, घरी सगळे रडताहेत. मला कुणी काहीच करू देत नाहीत. इथे मला काम आहे.' मी तिच्या वडिलांना निरोप पाठविला आणि ते 'करू द्या' म्हणाल्यावर तिला रंग लावला.

त्या पोरीने मला जे शिकविले ते मला पुस्तकातून मिळाले नसते. तिच्या मनात प्रेक्षक नव्हते, कला नव्हती, निष्ठाही नव्हती. दुःखात हात रिकामे राहू नयेत एवढेच तिला हवे होते. कदाचित बालगंधर्वांचेही तसेच असेल. जगात जी एक जागा आपली म्हणून ठाऊक होती, तेथे ते त्या रात्री जाऊन उभे राहिले असतील. तसे असेल तर ती गोष्ट कौतुकाची नसून समजून घेण्याची आहे. मुलीने स्वतः येणे वेगळे आणि 'खरी कलावंत असेल तर येईलच' असे आम्ही खोलीत बसून म्हणणे वेगळे. कृती एकच, पण पहिलीत दुःखाला वाट मिळते, दुसरीत दुःखावर कर बसतो. त्याग ज्याचा त्याने करावा. दुसऱ्याने तो मागू लागले की त्याची वसुली होते.

आणि बालगंधर्वांकडून आपण आयुष्यभर वसुलीच केली. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. प्रेक्षकांना खोटे काही दाखवायचे नाही हा त्यांचा हट्ट. खरे भरजरी शालू, खरी अत्तरे, तबल्याला अहमदजान थिरकवाँसारखा साथीदार. 'द्रौपदी'च्या मयसभेवर पैसा पाण्यासारखा गेला. कर्जाचा डोंगर झाला, तो त्यांनी नाटके करकरून उपसला. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर संयुक्त 'मानापमान' झाले, तेव्हा अवघी मुंबई लोटली. हे सारे आपण भोगले. मग बोलपट आला आणि प्रेक्षक उठून तिकडे गेला. १९३५ मध्ये 'धर्मात्मा' या प्रभातच्या चित्रपटात बालगंधर्व पुरुषवेषात, एकनाथ म्हणून उभे राहिले. पण आपल्याला तेथे जुनी भामिनीच हवी होती.

पुढे गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात आल्या. लक्ष्मीबाई १९४० मध्ये वारल्या. १९५१ मध्ये त्यांनी गोहरबाईंशी विवाह केला. त्यावर महाराष्ट्रात जे काही बोलले गेले ते वाचले म्हणजे मान खाली जाते. एक पुरुष तीस वर्षे स्त्री होऊन वावरतो हे ज्यांनी डोक्यावर घेतले, त्यांना त्याच पुरुषाने कोणाबरोबर राहावे हे ठरविण्याचा हक्क आपला वाटला! लक्ष्मीबाईंच्या दुःखासाठी कोणी बोलले असते तर मी समजू शकलो असतो. पण ज्यांनी १९११च्या गोष्टीत त्यांना जागा दिली नव्हती, त्यांना आताच त्यांचा पुळका कसा यावा? बोलणाऱ्यांना राग होता तो आपली वस्तू हातची गेल्याचा.

हा दोष एकट्या मराठी माणसाचा नाही. माझ्या वर्गातल्या मुली हल्ली कोरियातल्या गायक-नटांची चित्रे वह्यांना लावतात. त्यांच्याकडूनच मला सुली नावाच्या मुलीची हकीकत कळली. अकराव्या वर्षी, २००५ मध्ये ती दूरदर्शनवरील मालिकेत बालनटी म्हणून आली, पुढे गाणाऱ्या मुलींच्या एका चमूत गाजली, चित्रपटांत दिसली. तिने काय ल्यावे, कोणावर प्रेम करावे, काय बोलावे यावर अनोळखी माणसे तिच्यावर वर्षानुवर्षे शिव्यांचा भडिमार करीत होती. १४ ऑक्टोबर २०१९ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी ती गेली. मग त्याच जगाने तिच्यासाठी अश्रू ढाळले. सोल कोठे आणि पुणे कोठे! पण 'आम्ही तुझ्यावर प्रेम केले, म्हणून तू आमची' हा हिशेब दोन्हीकडे सारखाच.

बालगंधर्व प्रेक्षकांना 'मायबाप' म्हणत. आपल्याला ते फार गोड वाटते. परंतु त्या शब्दाचा अर्थ आपण कधी मनावर घेतला का? ज्याचे मूल गेले आहे अशा आपल्या मुलाला कोणते मायबाप म्हणतील, 'बाळ, आधी गाऊन दाखव'? ते म्हणतील, 'आज नको. घरी जा, बायकोजवळ बस. गाणे उद्या ऐकू.' त्या रात्रीच्या प्रेक्षकांना मी दोष देत नाही. ते नाटक पाहायला आले होते, ते पाहून गेले. मी बोलतो आहे ते त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षे ही गोष्ट सांगत आलेल्या आपल्याविषयी. आपण मायबाप या पदवीचा मान घेतला आणि जबाबदारी मात्र लेकराच्या गळ्यात टाकली.

बालगंधर्वांना १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. तोवर पाय अधू झाले होते, आणि त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. पुढच्या वर्षी, २६ जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, त्यांच्या नावाचे रंगमंदिर पुण्यात उघडले. मेल्यावर देऊळ बांधणे आपल्याला छान जमते.

ही गोष्ट मुलांना सांगणे बंद करावे असे मला म्हणायचे नाही. ती सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यात एका माणसाचे फार मोठे दुःख आहे. मात्र 'खेळ थांबला नाही' येथे मी आता थांबत नाही. मी मुलांना विचारतो, 'तुम्ही त्या दिवशी नाटकगृहात असता आणि तुम्हाला हे कळले असते, तर तुम्ही काय केले असते?' वर्ग थोडा वेळ गप्प बसतो. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, 'तिकीट तसेच ठेवून घरी गेलो असतो, सर.' काही मुले म्हणतात, 'पाहिले असते, पण टाळ्या वाजविल्या नसत्या.' एकदा एक मुलगा म्हणाला, 'खेळ संपल्यावर त्यांच्या घरी गेलो असतो.' यांतले कोणते उत्तर बरोबर, हे मी अजून फळ्यावर लिहिलेले नाही. तिन्ही उत्तरांत मुलांना त्या घराची आठवण झाली, आणि आजवर आपल्या सांगण्यात तेवढेच राहून गेले होते.